ग्रिलमधला विलायती पालक

दिवाळी झाली की आमच्या स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये ऊन यायला लागतं. आधी नुसतं ग्रिलच्या पत्र्यावर, मग नोव्हेंबर सरता सरता ओट्यावर मिक्सरपर्यंत, आणि नाताळच्या आसपास तर चक्क समोरच्या फ्रीजच्या दारावर. फ्लॅट गोरेगाव पूर्वेला, आरेच्या जंगलाच्या बाजूला, तिसरा मजला, खिडकी दक्षिणेला. मे महिन्यात याच ओट्याशी उभं राहून जीव नकोसा होतो, बाहेर डांबर वितळायची वेळ आलेली असते, पण ग्रिलमध्ये उन्हाची एक तिरीप नाही. कारण साधं आहे, आपण १९ अंश उत्तर अक्षांशावर राहतो. वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी, मुंबईत दुपारचा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, पेपरात शून्य सावली दिवस म्हणून फोटो येतात ना, बाटली उभी केलीय आणि सावलीच नाही, ते. (जुलैमधला ढगात जातो, त्याचा फोटो कुणी काढत नाही.) या दोन तारखांच्या मधे तर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे माझ्या खिडकीकडे त्याची पाठ. आणि डिसेंबरात तोच दक्षिणेला इतका कलतो की भर दुपारी सुद्धा आपली सावली जवळजवळ आपल्याच उंचीची पडते. ते तिरकं ऊन सरळ घरात शिरतं.

म्हणून माझी बाग, म्हणजे ग्रिलमधले ते चार खोके, त्यांना बाग म्हणणं हे आपलं कौतुक झालं, ती हिवाळ्यात चालते. पावसाळ्यात तिथे छत्र्या निथळतात आणि उन्हाळ्यात कुरडयांचं ताटसुद्धा तिथे वाळत नाही, ते गच्चीवर न्यावं लागतं. लोक म्हणतात मुंबईला हिवाळा नाही. थंडी नाही हे मान्य, पण हिवाळा आहे, तो उन्हाच्या रूपात येतो आणि कुणाच्या खिडकीत येतो, कुणाच्या येत नाही, एवढंच.

यात पालक कुठून आला तर ताईमुळे. ताई म्हणजे माझी मावसबहीण, नेदरलँड्समध्ये युट्रेक्टला राहते, गावाबाहेर एक छोटा जमिनीचा तुकडा भाड्याने घेतलाय, तिकडे शहरातले पुष्कळ लोक असे तुकडे घेतात आणि शनिवार-रविवार सायकलवरून जाऊन भाजी लावतात. ताई मुळात डोंबिवलीची, चाळीत वाढलेली, लग्नाआधी तिने कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावलेलं मला आठवत नाही. पण परक्या देशात माणसाला काय सुचेल सांगता येत नाही. तर ती सप्टेंबरच्या सुरुवातीला पालक पेरते आणि तो खाते मार्च-एप्रिलमध्ये! मी म्हटलं, अगं सहा-सात महिने पालक कसला लावतेस, आमच्याकडे पाच आठवड्यात पहिली कापणी होते. तर म्हणाली, "तोच तर मुद्दा आहे, हा थांबणारा पालक आहे."

तिच्या बियाच्या पाकिटावर नाव आहे जायंट विंटर. थंडी सोसणारी जुनी युरोपियन जात. गणित असं की कडाक्याची थंडी पडायच्या आत रोपाला चार-सहा पानं आलेली हवीत, मूळ खाली नीट गेलेलं हवं, आणि मग रोप तसंच वाफ्यात सोडून द्यायचं. फार तर वरून एक पांढरं पातळ कापड टाकायचं, वारा लागू नये म्हणून. बर्फ पडला तर उलट बरं, बर्फाच्या थराखाली हवेपेक्षा कमी गारठा असतो. उणे सात-आठ अंशापर्यंत हे रोप आरामात टिकतं.

एका जानेवारीत तिने सकाळी मला व्हिडिओ कॉल केला, अंगात तो फुगलेला कोट, नाक लाल, आणि फोन खाली वाफ्यावर धरलेला. पालकाची सगळी पानं जमिनीला चिकटून पडलेली, काळपट हिरवी, काचेसारखी, कडांना बर्फाची बारीक रवाळ किनार. मी म्हटलं, "ताई, गेला गं हा." आपल्याकडे फ्रीजच्या मागच्या भिंतीला चिकटलेली कोथिंबीर कशी होते, डिट्टो. ती म्हणाली, "हात नको लावायला आत्ता, दुपारी दाखवते." आणि आमच्याकडे संध्याकाळ झाल्यावर तिने परत फोन केला तर तीच पानं उठून बसलेली, हिरवीगार, जाड, जसं काही झालंच नाही. गोठलेलं असताना पान तोडलं की ते लिबलिबित होऊन मरतं, म्हणून उन्हाने ते आपणहून सुटेपर्यंत थांबायचं, हा तिकडचा नियम.

हे कसं होतं ते मी मग जरा वाचून काढलं, कारण माझा विश्वास बसेना. थंडी हळूहळू वाढत गेली की पालक आपल्या पेशींमध्ये साखर साठवायला लागतो. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा खालच्या तापमानाला गोठतं, त्यामुळे पेशीच्या आतलं पाणी लवकर गोठत नाही, बर्फ होतो तो पेशींच्या बाहेरच्या फटींमध्ये. आत बर्फ झाला तर पेशी फाटते आणि पान संपलं, बाहेर झाला तर वितळल्यावर पाणी परत आत. आणि साखरेमुळे अर्थातच चव. ताई म्हणते जानेवारीतलं पान कच्चं खाल्लं तर मटारासारखं गोड लागतं. यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे थंडी हळूहळू यायला हवी. एकदम पडली तर हे जायंट विंटरसुद्धा मरतं, त्याला सवय करून घ्यायला वेळ द्यावा लागतो.

पण मला जास्त चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मी धरून चालले होते की तिचा पालक थंडीमुळे वाढायचा थांबतो. थंडीमुळे थांबतोच, पण तेवढंच नाही. अमेरिकेत मेन नावाच्या राज्यात इलियट कोलमन नावाचे शेतकरी आहेत, बर्फाच्या प्रदेशात बाराही महिने भाजी पिकवण्यासाठी प्रसिद्ध, त्यांनी हे फार नेमकं मांडलंय. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की बहुतेक भाज्यांची वाढ जवळजवळ ठप्प होते, मग तुम्ही काचेखाली ठेवा नाहीतर प्लास्टिकखाली. या काळाला ते पर्सेफनी पिरियड म्हणतात, ग्रीक कथेतली ती पाताळात नेलेली मुलगी, ती खाली असते तोवर पृथ्वीवर काही उगवत नाही. युट्रेक्टमध्ये डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस पावणेआठ तासांचा असतो, आणि सूर्य भर दुपारी क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंश वर. माणसाची सावली चौपट लांब. असल्या उजेडात पालक करणार काय, बसून राहतो बिचारा. म्हणजे तो दोन गोष्टी सोसतो, थंडी आणि अंधार, आणि आपण कौतुक फक्त थंडीचं करतो.

आता मुंबई घ्या. आपला सगळ्यात लहान दिवस जवळजवळ अकरा तासांचा. दहा तासांच्या खाली आपण कधी जातच नाही, म्हणजे ती पर्सेफनी मुंबईत आली तर तिला एक दिवससुद्धा खाली जायला मिळणार नाही. थंडीचं म्हणाल तर मुंबईचा नोंदलेला नीचांक सांताक्रूझला ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२. त्या रात्रीसुद्धा ताईचा पालक म्हणाला असता वा, काय छान हवा आहे. एरवी जानेवारीत सांताक्रूझचं रात्रीचं तापमान सोळा-सतराच्या आसपास असतं, कुलाब्याला तीन बाजूंनी समुद्र म्हणून आणखी दोन-तीन अंश जास्त. आमच्याकडे आरेमुळे सांताक्रूझपेक्षाही थोडं खाली उतरतं, पहाटे वॉचमन माकडटोपी घालून शेकोटी करून बसतो, सोसायटीच्या ग्रुपवर 'गुलाबी थंडी' असे मेसेज सुरू होतात. आणि दुपारी परत एकतीस-बत्तीस. हे सगळं बघून पालक काय म्हणत असेल कोण जाणे.

असं असून मला तो विलायती पालक लावून बघायचाच होता. ताई म्हणाली, "पाठवते गं एक पाकीट, पत्रात घालून, कळणार पण नाही कुणाला." मी नको म्हटलं. बाहेरच्या देशातून बी आणायला परवाना लागतो, तिकडच्या सरकारी खात्याचा रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो, आणि हा नियम मला पटतो, एका पाकिटातून कुठली बुरशी कुणाच्या शेतात जाईल सांगता येत नाही. शिवाय गरजही नाही, आपल्याकडे विलायती पालकाचं बी मिळतं, ब्लूम्सडेल ऑनलाइन सहज येतं, आणि दिल्लीच्या पुसा संस्थेमुळे माहीत झालेली व्हर्जिनिया सॅव्हॉय ही जात आहे, ती मुख्यतः डोंगराळ थंड भागात लावतात.

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे जी मला इतकी वर्षं पालक निवडूनसुद्धा माहीत नव्हती. आपण बाजारातून जी जुडी आणतो, देशी पालक, तो ताईच्या पालकाच्या जातीचाच नाही! आपला पालक बीटाच्या घरातला आहे. ऑल ग्रीन, पुसा ज्योती, पुसा भारती ही सगळी त्या घरातली नावं. विलायती तो वेगळा, स्पिनॅच म्हणतात तो. दोघंही राजगिरा, माठ, चाकवत यांच्या मोठ्या कुळातले, म्हणजे नातं आहे पण लांबचं. बी हातात घेतलं की लगेच फरक कळतो. देशी पालकाचं बी म्हणजे एक खडबडीत गाठोडं, त्यातून दोन-तीन रोपं एकदम निघतात, आणि मग विरळणी करताना जीव खालीवर होतो कोणतं उपटू. विलायतीचं (ब्लूम्सडेलचं तरी) बी गोल, गुळगुळीत, एकातून एकच. आणि उगवल्यावर तर आणखी गंमत. देशीची पहिली दोन पानं बुटकी, देठ खाली लालसर गुलाबी, बीटाची आठवण करून देणारा. विलायतीची पहिली पानं लांब, अरुंद, गवताच्या पात्यासारखी. ती बघून आमच्या कामाच्या ताईंनी ती गवत समजून उपटायला घेतली होती, मी वेळेवर पोचले.

विलायतीची खरी अडचण उगवण्यात आहे. त्याच्या बियाला गरम माती चालत नाही, माती तीसच्या आसपास गेली की बी सरळ झोपून राहतं. कुजत नाही, मरत नाही, नुसतं उगवायला नकार. आणि आपल्याकडे ऑक्टोबर हीट म्हणजे ३४-३५, ग्रिलच्या पत्र्यावर तर विचारूच नका. मग उपाय काय, तर फ्रीज. बी रात्रभर पाण्यात भिजवायचं, ओल्या टिश्यू पेपरमध्ये गुंडाळायचं, डब्यात घालून भाजीच्या ट्रेमध्ये ठेवायचं, पाच-सहा दिवसांनी पांढरा टोकदार कोंब दिसला की हलक्या हाताने मातीत अर्धा इंच खाली. सासूबाईंनी मेथीचा म्हणून तो डबा उघडला आणि आत टिश्यू पेपर बघून म्हणाल्या, "हे काय, बाळंतपण चाललंय का फ्रीजमध्ये?" असो. जी थंडी मुंबई देत नाही ती आमच्याकडे लाइटच्या बिलात येते. देशी पालकाला यातलं काही लागत नाही. रात्रभर भिजवलं, पेरलं, आठवड्याच्या आत बाहेर.

खोके कसले तर मासळीचे. थर्माकोलचे, जाड भिंतीचे, ज्यात बर्फ घालून पापलेट येतं ते. आमच्या कोळीणमावशी रिकामे झाले की देतात, फुकट नाही हं, सुरमई घ्यावी लागते. ते आणून साबण, मग व्हिनेगर, मग दोन दिवस उन्हात, तरी मांजर आठवडाभर येऊन वास घेऊन जाते. पण पालकाला याच्यासारखं भांडं नाही. प्लास्टिकची कुंडी दुपारी तापते आणि मूळ भाजतं, थर्माकोलमध्ये माती गार राहते, वजन नसल्यामुळे ग्रिलवर भार नाही, आणि सात-आठ इंच खोली मिळते जी पालकाच्या मुळाला पुरते. तळाला स्क्रूड्रायव्हरने भोकं, आत थोडी माती, बरंच शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. घरचा ओला कचरा कुजवून केलेलं खतही घालते. मुंबईत हे काही नवीन नाही, पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर तिथल्याच स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर भाज्या-फळं पिकवलेली आहेत, त्या मानाने माझे चार खोके म्हणजे काहीच नाही.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांचा, शेतकऱ्यांना एकत्र आणून शेतीचे प्रयोग करणाऱ्या प्रयोग परिवाराचे ते, एक विचार मला फार पटतो. शेती म्हणजे शेवटी ऊन गोळा करणं, पान हे त्याचं साधन, तेव्हा किती जमीन आहे ते मोजण्यापेक्षा किती ऊन पानावर पडतंय ते मोजा. त्यांनी हे द्राक्षाच्या आणि भाजीच्या शेतकऱ्यांसाठी मांडलं पण मुंबईच्या ग्रिलला ते जास्तच लागू आहे. मी मोजलं, म्हणजे सुट्टीच्या दिवशी चहा पीत पीत दर तासाला बघितलं. डिसेंबरात माझ्या ग्रिलला साडेपाच तास सरळ ऊन मिळतं. पानभाजीला चार-पाच तास पुष्कळ होतात. टोमॅटोला, वांग्याला नाही पुरणार, ते मी लावतही नाही. ताईच्या मोकळ्या जमिनीवर तेव्हा एवढं ऊन पडत नाही, पडलं तरी त्यात जोर नसतो. म्हणून तिचा पालक सप्टेंबर ते मार्च आणि माझा पाच आठवडे. ती म्हणते तुझा पालक घाईत आहे. मी म्हणते मुंबईत राहतो तो.

आता शत्रू. पहिला नंबर कबुतरं. कोवळी रोपं मुळासकट उपटून ठेवतात, खात पण नाहीत धड, नुसती उपटतात. कबुतरांबद्दल मुंबईत सध्या जपून बोलावं लागतं, दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून केवढा वाद झाला ते सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे मी एवढंच म्हणते की मी ग्रिलला आतून जाळी लावली आणि माझा प्रश्न मिटला. दुसरी नागअळी, पानाच्या आत शिरून पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा काढते, तसं पान दिसलं की तोडून पिशवीत बांधून टाकायचं, औषध मारू नये, आपल्यालाच खायचंय. मावा पडला तर नळाखाली धुवायचा. तिसरा शत्रू धूळ, आणि हा खास मुंबईच्या हिवाळ्याचा. थंडीत वारा मंदावतो, हवा खालीच अडकून राहते, त्यात चहूबाजूंनी बांधकामं. सकाळी पानावरून बोट फिरवलं तर पांढरी पूड येते, सिमेंटची असेल, रस्त्याची असेल. विलायती पालकाचं पान चुरगळलेलं, फुगवट्यांचं, प्रत्येक खळग्यात ती बसते. म्हणून दर एक-दोन दिवसांनी फवाऱ्याने पानं धुवायची, आणि हे सकाळीच, संध्याकाळी पानं ओली राहिली तर ठिपके पडतात.

धुवायचं म्हटलं की बाजारातल्या भाजीचा विषय निघतोच. लोकलच्या दारात उभं राहून रुळांच्या कडेचे ते पालक-माठाचे हिरवेगार वाफे सगळ्यांनी बघितलेत आणि त्यांना कुठलं पाणी मिळतं याची चर्चाही सगळ्यांनी केलेली आहे. मी त्या भाजीवाल्यांना शिव्या घालणाऱ्यातली नाही, रेल्वेने आपल्याच कर्मचाऱ्यांना पडीक जागा भाजी पिकवायला द्यायची योजना काढली होती, त्यातून ते सुरू झालं, आणि एवढ्या मोठ्या शहराला स्वस्त भाजी लागते. पण पानभाजी पाण्यातलं आणि मातीतलं सगळं शोषून घेते, जड धातू धुऊन जात नाहीत, हेही खरं. चार खोक्यांनी काही घराची भाजी भागत नाही. आठवड्याला एक जुडी निघते फार तर. बाकी मी भैयाकडूनच घेते.

कापताना बाहेरची पानं घ्यायची आणि मधला गाभा सोडायचा, मग पंधरा-वीस दिवसांत परत भरतं. देशी पालक अशा चार कापण्या सहज देतो. विलायती दोन देतो, तिसरी मागितली की रुसतो. जानेवारीत दोन्हीची पानं शेजारी शेजारी ठेवून सगळ्यांना खायला दिली. विलायतीचं पान जाड, थोडं कुरकुरीत, कच्चं खायला निर्विवाद चांगलं. मटारासारखं गोड मात्र नाही. ते होणारही नव्हतं, त्या साखरेसाठी जी भीती लागते ती सतरा अंशात कुठून येणार! देशी पान कच्चं जरा मातकट लागतं, बीटाची ती चव त्यात आहेच. पण शिजवल्यावर चित्र पालटतं. आमच्याकडे पालक म्हणजे ताकातली पातळ भाजी. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे आधी भिजवून शिजवलेले, पालक चिरून त्यात, बेसन लावलेलं आंबट ताक, वरून तुपात हिंग-जिरं आणि भरपूर लसणाची चुरचुरीत फोडणी, लाल मिरची. यात देशी पालक विरघळतो आणि तरी आपलं अस्तित्व सोडत नाही. विलायती त्यात घातला तर पातळ होऊन ताकात हरवून गेला. सासूबाईंनी एक चमचा तोंडात घालून डाव खाली ठेवला आणि म्हणाल्या, "पाहुणा आहे, पाहुण्यासारखा वागतोय." त्यानंतर विलायती फक्त सॅलडमध्ये आणि मुलाच्या सँडविचमध्ये.

त्या ताकाच्या भाजीत आणखी एक शहाणपण आहे. पालकात ऑक्झॅलेट असतं, दात सळसळल्यासारखे होतात ते त्यानेच, आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांना डॉक्टर पालक कमी करायला सांगतात. दूध-ताकातलं कॅल्शियम त्या ऑक्झॅलेटला पोटातच धरून ठेवतं आणि ते कमी शोषलं जातं. आपल्या आज्यांनी हे कॅल्शियमसाठी केलं नसणार, आंबट चवीसाठीच केलं असणार, मला उगाच 'आपले पूर्वज किती वैज्ञानिक' वगैरे म्हणायचं नाही. पण जमून आलंय. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना पालक बंद आहे, ते रोज ग्रिलकडे मान वर करून बघतात आणि विचारतात, "यावेळी मेथी नाही का लावली?"

फेब्रुवारी अर्धा सरला की विलायतीचा खेळ खलास. दिवस मोठा व्हायला लागतो, त्यात दुपारचा पारा वर, आणि रोपाच्या मधून एक उंच दांडा निघतो, पानं बाणाच्या टोकासारखी अरुंद होतात, चव कडवट. त्याला बी धरायचं असतं, आपल्या भाजीशी त्याला काही देणंघेणं उरत नाही. यात नर आणि मादी रोपं वेगळी असतात, नर आधी दांडा काढतात, हे मी बघितलंय आणि यावर घरात जे विनोद व्हायचे ते झाले. तिकडे त्याच सुमाराला युट्रेक्टमध्ये दिवस दहा तासांच्या वर गेलेला असतो आणि ताईचा पालक नुकता अंग हलवायला लागलेला असतो. तिची सुरुवात आणि माझा शेवट. देशी पालक मात्र माझ्याकडे मार्चअखेरपर्यंत रेटतो, त्याला ऊन कमी पडलं तरच तक्रार.

तर थंडी सोसणाऱ्या जातीचे जे जास्त पैसे आपण मोजतो ना, ते मुंबईत वाया जातात असं माझं मत झालंय. ज्या गुणासाठी ती जात ओळखली जाते तो वापरायची पाळीच इथे येत नाही. नाशिकला, महाबळेश्वर-पाचगणीला कुणी लावणार असेल तर जरूर लावा, तिकडे रात्री खरोखर गारठतात. मुंबईत एक खोका हौसेचा, बाकी तीन देशी. आणि पैसे खर्चच करायचे असतील तर आधी ऊन बघा. जात कुठलीही असो, पाच तास ऊन असेल तर पालक होतो, दोन तास असेल तर लांब देठाचा, फिका, लोळणारा पाला होतो आणि मग आपण बियाला दोष देतो.

आणि ऊनच आता माझ्याकडे फार दिवस नाही. समोरची चार मजली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली, तिथे तेवीस मजली टॉवर येतोय, आत्ता आठव्या मजल्यावर आहे. मी कागदावर हिशेब मांडला. तेवीस मजले म्हणजे साधारण सत्तर मीटर धरा, मी तिसऱ्या मजल्यावर म्हणून दहा वजा, उरले साठ. डिसेंबरात भर दुपारी त्याची सावली पंचावन्न मीटर पडणार आणि मधे रस्ता नि दोन्ही कंपाउंड धरून अंतर आहे पस्तीसेक मीटर. म्हणजे सकाळचं थोडं आणि तीननंतरचं थोडं तिरकं ऊन मिळेल, मधलं सगळं गेलं. गंमत म्हणजे मेमध्ये काहीच फरक पडणार नाही, तेव्हा मुळात ऊन नसतंच. टॉवर फक्त माझा हिवाळा घेऊन जाणार आहे. त्याबद्दल कुणाशी भांडायचं तेही कळत नाही, त्या चार मजल्यांत राहणाऱ्यांच्या घरात पावसाळ्यात बादल्या लावायला लागायच्या, त्यांना नवं घर मिळतंय.

मग गच्ची. सेक्रेटरींना अर्ज दिलाय, चार थर्माकोलचे खोके, खाली विटा, विटांखाली ट्रे, पाणी जमिनीला लागणार नाही, वॉटरप्रूफिंगला धक्का नाही, मासळीचा वास नाही (हे अधोरेखित केलंय). ते जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले कमिटीपुढे ठेवतो, पण लिकेज झालं तर जबाबदारी तुमची असं लिहून द्या. मी म्हटलं देते. दोन पायऱ्या उतरून परत वर आले आणि म्हणाले, "आणि वहिनी, तेवढा देशीच लावा हो, मागच्या वेळी दिलेला तो जाडा पालक आमच्या हिने भजीला वापरला, पीठच धरेना."